सांध्यावरची बोटं

बेअरिंग जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि मग मला कळलं की ते माझ्या हातात नव्हतं. हा क्रम उलटा होता. वस्तू निसटते तेव्हा आधी बोटांना कळतं, गुडघा आपोआप पुढे होतो, आणि मग आवाज येतो. इथे आधी आवाज आला. मी नेहमीसारखा दाराबाहेर रस्त्याकडे बघत होतो. ते नवंकोरं कडं फरशीवरून घरंगळत कामाच्या टेबलाखाली गेलं, हवा भरायच्या पंपाला अडून आडवं झालं आणि थरथरत थांबलं. मी हाताकडे पाहिलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं अजून काहीतरी धरल्यासारखी वाकलेली होती, मध्ये नुसती हवा. ताट उचलून नेलं तरी जेवणाऱ्याने घास कालवत बसावं, तशी. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"काय पडलं?" आतल्या खोलीतून हिने विचारलं. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. त्यामुळे आमच्याकडे काहीही पडलं तरी ते दोघांचं पडतं. "काही नाही," मी म्हणालो. "काही नाही असं घरंगळत नाही," ती म्हणाली आणि पडद्यामागे तिची भांडी पुन्हा सुरू झाली. मी वाकून ते उचललं, या वेळी डोळ्यांनी बघत, चोरासारखं. डोळ्यांनी बघून काम करायची मला लाज वाटते. ज्या सायकलच्या मिस्त्रीच्या हाताखाली मी शिकलो, तो माझे दोन्ही हात एका जाड गोणपाटाखाली घालायला लावायचा आणि समोर बसून राहायचा. मी तेव्हा चांगला मिशा फुटलेला माणूस होतो, विटांच्या भट्टीवरचं काम सोडून आलो होतो. गोणपाटाखाली त्याने टाकलेले बेअरिंगमधले छर्रे असत, आणि त्यातला झिजलेला कुठला, चांगला कुठला, हे बोटांनी ओळखून काढायचं. "डोळा उतावळा असतो," तो म्हणायचा. "अर्धं बघतो आणि पुढे पळतो. बोट मठ्ठ असतं, ते जागेवर थांबतं. मठ्ठावर भरवसा ठेव." मी ठेवला. तेव्हापासून हात काम करतात आणि मी रस्ता बघतो. या रस्त्यावरच्या अर्ध्या लोकांना मी त्यांच्या बुटांवरून ओळखतो.

थंडीत एका सकाळी चहाचा कप तोंडाकडे निघाला आणि वाटेतच राहिला. पक्षाघाताचा हलका झटका होता, असं सगळे म्हणाले. दुसऱ्याचं ओझं नेहमी हलकंच असतं. मग एकेक परत येऊ लागलं. आधी जीभ आली ("तिला कसली घाई होती कोण जाणे," ही म्हणाली), मग पाय, मग हातातला जोर. गावाला गेलेली घरची माणसं एकेक करून परतावीत आणि एकानेच तेवढं येऊ नये, तसं झालं. उजव्या हाताच्या तीन बोटांची संवेदना आली नाही. पाना धरता येतो, कुलूप उघडता येतं, ओली गादी पिळायला सांगितली तर तीही पिळेन. पण काय धरलंय, ते बोटं सांगत नाहीत. हातमोजा घातल्यासारखं वाटत असेल, असं लोकांना वाटतं. तसं नाही. हातमोज्याच्या आत निदान हात असतो.

त्या बोटांना परत आणायचं काम ज्या बाई करतात, त्यांना आम्ही घरात हाताची डॉक्टरीण म्हणतो. वयाने आमच्या मुलीएवढ्या असतील. माझ्याशी कमी आणि माझ्या हाताशी जास्त बोलतात, म्हणून मला त्या आवडतात. त्यांच्याकडे वाळूने भरलेला एक डबा आहे, त्यात त्या लहानसहान वस्तू पुरून ठेवतात. "डोळे मिटा काका. काय आलं हाताला?" "बटण." "नीट बघा." "डोळे मिटून नीट बघू कसं?" त्या हसल्या, मीही हसलो. मग डोळे उघडले तर अंगठ्याखाली किल्ली होती. लांब दांड्याची, दातेरी, जिला कुणी बटण म्हणू शकणार नाही अशी किल्ली. गोणपाट तेच, माणूस तोच, आणि उत्तर येत नाही. त्या दिवशी घरी येताना मी हात खिशात घालून चाललो, जणू त्याने कुठेतरी चोरी केली होती आणि लोकांनी त्याला ओळखायला नको होतं.

त्याच बाईंनी आपली सायकल माझ्याकडे आणून लावली. काळी, कार्बनची, एका बोटावर उचलावी इतकी हलकी. "काका, हिचं हँडल मध्येच अडकतं. सरळ केलं की खाचेत बसल्यासारखं बसतं. रविवारी आम्ही काही जण डोंगरावरच्या रस्त्याने जाणार आहोत. पलीकडे लांबच लांब उतार आहे." मी डाव्या हाताने पुढचं चाक उचललं आणि हँडल सोडून दिलं. ते डावीकडे झुकलं, परत आलं आणि बरोबर मध्यावर येऊन थबकलं. हँडलच्या सांध्यातलं बेअरिंग खाल्लेलं. सायकल बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दणका आतल्या छर्‍यांना त्याच एका जागी बसतो आणि वर्षांनी तिथे खळगे पडतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके उथळ. मग चालवणाऱ्याला वाटतं, हँडल मी सरळ धरलंय. धरलेलं असतं खळग्याने. हे मी शेकडो लोकांना समजावून सांगितलं असेल. बाईंना सांगताना मात्र माझं लक्ष माझ्याच बोलण्याकडे गेलं, कारण थंडीपासून माझं डोकं असंच चाललं होतं. कुठेही वळवलं, मुलीच्या फोनकडे, रस्त्यावरच्या बुटांकडे, की ते हळूच परत येऊन त्याच एका खळग्यात बसायचं: हात नसलेल्या मिस्त्रीला काय म्हणतात?

सायकलींचं काचेच्या दारांचं मोठं दुकान चौकात आहे, तिथे न्या, असं म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "ठेवा." त्यांनी लगेच ठेवली. त्यांनी काम मला दिलं की माझ्या हाताला दिलं, हे मला कळेना. म्हणजे औषध म्हणून दिलं की गरज म्हणून. वाळूच्या डब्यात पुरलेली ही आणखी एक वस्तू असेल, जरा मोठी. पण किल्लीला बटण म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे उतार होता.

बाई गेल्यावर ही पदराला हात पुशीत बाहेर आली आणि तिने सायकलच्या आडव्या नळीवरून तळवा फिरवला. एवढ्या वर्षांत तिने दुकानातल्या सायकलीला कधी हात लावला नव्हता. तिला ग्रीसचा वास चालत नाही. "अहो, हे विणलेलं आहे." "कार्बन आहे ते." "असेल. पण विणलेलं आहे. हा उभा धागा, हा आडवा. वरून काहीतरी पाजलंय." "अगं, हाताला कसं लागेल? वरून चकचकीत लाखेचा थर आहे." "मग मला कशाला विचारता?" असं म्हणून ती गेली. मी तिला काहीच विचारलं नव्हतं. पण तिचं बरोबर होतं. कार्बनची फ्रेम म्हणजे कापडच, साच्यात घालून कडक केलेलं. म्हणूनच मला ते आवडत नाही. लोखंड मोडायच्या आधी वाकतं, कुरकुरतं, तुम्हाला वेळ देतं. कार्बन रुसलेल्या माणसासारखं गप्प राहतं आणि एक दिवस उठून निघून जातं.

दुपारी शेजारचा काचवाला येऊन दारात टेकला. तो तसबिरींच्या चौकटी करतो आणि बोलताना माणसाकडे न बघता भिंतींकडे बघतो, मनात मापं घेत. "काका, कार्बन?" तो म्हणाला. "हात आला वाटतं परत." "येतोय." "येऊ दे, येऊ दे. घाई नाही. पण दुकान मोकळं करायचं ठरलंच, तर आधी मला सांगा. ही भिंत उजेडाची आहे, मला हवी." वाईट माणूस नाही. मी पडलो तेव्हा मला उचलून दवाखान्यात यानेच नेलं. पण कुणी आपल्या भिंतीकडे असं बघू लागलं की आपण आधीच थोडे निघालेले असतो. पडद्यामागून आवाज आला, "भिंतीला ओल आहे म्हणावं." काचवाला हसला. "काकू, मी काचा लावणार आहे, पापड वाळत घालणार नाही." "काचेवर पण डाग पडतात," ती म्हणाली. तो गेला. त्याने भिंतीची लांबी नक्की डोळ्यांत भरून नेली असणार.

आणि आता ते मघाशी पडलेलं कडं माझ्या हातात होतं आणि मी त्याच्याकडे बघत होतो. जुनी बेअरिंगं माझी काढून झाली होती. पुढचा ब्रेक सोडला, हँडल उतरवून बाजूला बांधलं, पुढचं चाक धरणारा चिमटा अलगद खाली ओढून काढला. खालचं बेअरिंग गंजून बसलं होतं. लोखंडी फ्रेम असती तर आतून दांडी घालून हातोडीचे दोन ठोके दिले असते. आमचं सगळं शिक्षण ठोक्यांचं. फ्रेमच्या डोक्यात वाट्या ठोकून बसवायच्या, ठोक्याचा आवाज पोकळ होता तो भरीव झाला की समजायचं, बसली. कार्बनला हातोडी दाखवायचीसुद्धा नाही. तिथे वाट्याच नसतात; फ्रेमच्या आतच उतरत्या कडांची जागा करून ठेवलेली असते आणि बेअरिंग नुसतं बोटांनी आत ठेवायचं. ठेवायचं, बसवायचं नाही. बाळाला झोपवतात तसं. मी जागा फडक्याने पुसल्या, ग्रीसचा पातळ हात फिरवला. बेअरिंगच्या दोन्ही तोंडांना कडेला उतार असतो, एकीकडे बाहेरच्या अंगाला, दुसरीकडे आतल्या. बाहेरचा उतार फ्रेमच्या जागेत बसतो, आतला चिमट्यावरच्या कड्यावर. दोन्ही तोंडं दिसायला जवळजवळ सारखी. बोट फिरवलं की लगेच कळतं. बोट फिरवलं की.

मी रस्त्याकडे बघत बोट फिरवलं. हे मी का केलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. नुकतंच ते हातातून पडलं होतं, नुकतंच मी ते डोळ्यांनी बघून उचललं होतं, आणखी दोन क्षण बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मला वाटलं, बघितलं की संपलं. बघितलं की मी कबूल केलं. समोरून मातकट बूट गेले, एक पिशवी गेली, एका बाईने चालता चालता चप्पल झटकली. मी मनात म्हणालो, उतार वर आहे, आणि खालचं बेअरिंग तसं ठेवून दिलं. बोटांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या वतीने बोललो. मग वरचं ठेवलं, चिमटा खालून सरकवला, चीर असलेलं कडं, टोपी, हँडलची पकड, आणि सगळ्यात वरचा स्क्रू हलक्या हाताने धरला. हँडल फिरवलं. घासत होतं. वाकून पाहिलं, तर खाली चिमटा आणि फ्रेम यांच्यामध्ये नखाएवढी फट. जुन्या मिस्त्रीला अशी फट दिसली की तो काय करतो? एकदा चांगलं आवळतो, म्हणजे सगळं आपापल्या जागी बसतं, आणि मग सैल करतो. मी आवळलं. जोर आहेच हातात. आणखी थोडं. आणि फ्रेमच्या आतून आवाज आला. मोठा नाही. कुणीतरी जिभेने टाळूवर केल्यासारखा, टक्.

भांडी थांबली. पडदा बाजूला झाला. "तो कसला?" "स्क्रूचा." "स्क्रूचा आवाज मला माहीत आहे. इतकी वर्षं त्याच्याबरोबर जेवतेय." ती जवळ आली. "ते कापड बोललं. फाटायच्या आधी ताणलेलं कापड असंच बोलतं. थांबा, हात काढा तिथून." मी हात काढला. तिने सांगितलं म्हणून नव्हे, मला घाम फुटला होता म्हणून. मी स्टुलावर बसलो. उतार डोळ्यांसमोर आला. मी तो रस्ता कधी पाहिलेला नाही, तरी तो सगळा दिसला, वळणांसकट, आणि वळणाच्या अलीकडे बाईंचे वाकलेले खांदे. वाटलं, काचवाल्याला हाक मारावी आणि म्हणावं, घे बाबा, उजेड घे. त्यात एक प्रकारची सुटकाही होती. आवाज एकदा झाला की पुढचं काही ठरवावं लागत नाही. पण ही तिथेच उभी होती, आणि ती उभी असताना मला कधी नीट हरता आलेलं नाही. "बसलात काय? उघडा ते," ती म्हणाली. "आत काय झालंय ते बघायला नको?"

उघडलं. या वेळी डोळ्यांनी बघत, एकेक वस्तू ओळीने फडक्यावर ठेवत. खालचं बेअरिंग उलटं होतं. त्याची चुकीची कड फ्रेमच्या जागेवर टेकली होती आणि मी वरून आवळत होतो. शिकाऊ माणसाचीही अशी चूक होत नाही, कारण शिकाऊ माणूस बघून काम करतो. ही चूक करायला आयुष्यभर न बघता काम केलेला माणूस लागतो. मी विजेरी घेऊन आत पाहिलं. काळ्यात काळं. केसाएवढी रेघ दिसत होती किंवा नव्हती. विजेरी हलवली की रेघ हलायची, डोळे मिचकावले की जायची, परत यायची. मी अंगठा आत घातला. त्याने काहीच सांगितलं नाही. डावा घातला, डावा नुसता हमाल, त्याने कधी वाचलंच नाही काही, त्याला सगळंच सारखं लागत होतं. मग मी मान वर केली आणि बायकोच्या हातांकडे पाहिलं.

ती कापडाच्या गिरणीत तपासणीच्या टेबलावर होती. केस पांढरे होईपर्यंत होती. उतरत्या टेबलावरून कापड सरकत राहायचं आणि ती त्यावर तळवा ठेवून उभी असायची. गाठ आली, तुटका धागा आला की दुसऱ्या हातातल्या खडूने खूण. खूण करतानाही शेजारणीशी बोलणं चालूच. एकदा डबा द्यायला गेलो होतो तेव्हा मी ते पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं, या बायका गप्पांचा पगार घेतात. घरी आल्यावर तिला खरखरीत टॉवेल सहन व्हायचा नाही. मी तिला नाजूक राणी म्हणून चिडवायचो. एकाच घरात दोन माणसं न बघता काम करणारी, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. माहीत नाही असं कसं म्हणू. माहीत होतं, पण कधी हाताला लागलं नव्हतं. "अगं," मी म्हणालो, "जरा इथे बोट घालतेस?" तिने ग्रीसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साबण लावून हात धुऊन आली, कोपरापर्यंत, जणू पीठ मळायला बसणार होती.

तिने डोळे मिटले नाहीत. ती माझ्यासारखीच रस्त्याकडे बघू लागली. तिचं बोट फ्रेमच्या आत गोल फिरत होतं, इतकं हळू की मला ते थांबलंय असं वाटत होतं. "इथे काही नाही," ती म्हणाली. "इथे नाही. इथे... थांबा. इथे आहे." "काय आहे?" "नख अडतंय." "खोल?" "खोल नाही. वर आलेलं आहे. खाली गेलेलं नाही, वर आलेलं. सुरकुतीसारखं." मी फडक्याला थोडं स्पिरिट लावून दिलं. "पूस तिथे." तिने पुसलं. परत बोट. "कमी झालं." परत फडकं. फडक्यावर काळसर चुरा आला, वाळलेल्या जुन्या ग्रीसचा आणि लाखेच्या एका पापुद्र्याचा. "आता?" "आता नाही." "नक्की?" "नाही म्हणजे नाही. तुम्हाला पाहिजे तर गाठ घालून देऊ का एक?" मी त्या जागेच्या भोवती बाहेरून नाण्याने हलके हलके वाजवून पाहिलं. कार्बन आतून सुटलं असेल तर तिथे आवाज बसका येतो. कान माझे शाबूत आहेत. सगळीकडे एकच आवाज होता, कोरडा, स्वच्छ. पुन्हा वाजवला. उलट्या कडेने लाख खरवडली होती, विणीला धक्का नव्हता. असं मला वाटलं. असं तिच्या बोटाला वाटलं. हे दोन वेगवेगळे साक्षीदार होते आणि त्यांचं जमत होतं.

मग दोघांनी मिळून ते पुन्हा बसवलं. बेअरिंग तिने ठेवलं. "उतार कुठल्या बाजूला हवा?" "बाहेरचा उतार फ्रेमकडे." "मग हे असं." "असंच." ते आत गेलं आणि तिथेच राहिलं, जणू बाहेर कधी नव्हतंच. फट नव्हती. हँडलच्या पकडीचे दोन स्क्रू आवळायला मोजाचा पाना आहे, ठरलेला जोर झाला की तो कट् म्हणतो, त्याला बोटांची गरज नाही. पण वरचा स्क्रू किती, हे कुठलाही पाना सांगत नाही. फार सैल राहिला तर आत खडखड राहते आणि उतारावर ती वाढत जाते. फार घट्ट झाला तर नवी बेअरिंगं चार दिवसांत खाल्ली जातात. मधली जागा बारीक असते. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि चिमट्याच्या सांध्यावर ठेवायची. आत काही हलत असेल तर ते बोटाला लागतं. कानाला नाही, डोळ्याला नाही. मी ब्रेक धरून हलवू लागलो. तिची बोटं सांध्यावर. "आहे," ती म्हणाली. "बारीक आहे. एक धागा दुहेरी आल्यासारखं." मी स्क्रूची किल्ली जराशी फिरवली. "आता?" "आहे. पण लांब गेलं." "आता?" रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिची चाकं जाईपर्यंत ही थांबली. "गेलं. कापड संपल्यावर खालचं टेबल लागतं ना, तसं." मी चाक उचलून हँडल सोडलं. ते डावीकडे गेलं, मध्यावर आलं, मध्यावरून निघून उजवीकडे गेलं. कुठेही थबकलं नाही. तिने ते दोन-तीनदा करून पाहिलं. "छान आहे हो," ती म्हणाली, मला नाही, सायकलला.

शनिवारी बाई आल्या. मी रात्रभर ठरवत होतो की त्यांना किती सांगायचं, आणि सकाळी ठरलं होतं की सगळं. उलटं बसवलं, आवाज आला, लाख खरवडली, हे सांगितलं. विजेरी दिली, जागा दाखवली. "आणि तपासलं मी नाही," मी म्हणालो. "माझ्या बोटांना लागत नाही. हिने तपासलं. नाण्याचा आवाज मी ऐकला, सांधा हिने पाहिला. तुम्हाला जायचं नसेल तर मी वाईट मानणार नाही. चौकातल्या दुकानात दाखवून घ्या, मी स्वतः येतो बरोबर." बाईंनी विजेरी बंद केली. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. "काकू," त्या म्हणाल्या, "तुमचे हात बघू." हिने ओले हात पुढे केले, लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांसमोर करावेत तसे, ओशाळून. बाईंनी बोटांची टोकं दाबून पाहिली, उलटी करून पाहिली. "तुम्ही सांगा. जाऊ का?" ही माझ्याकडे बघू लागली. मी रस्त्याकडे बघितलं. "मी कधी सायकलवर बसलेली नाही," ती म्हणाली. "उतार म्हणजे काय, मला माहीत नाही. पण त्यात गाठ नाही. गाठ असती तर मी कापड पुढे जाऊ दिलं नसतं." "काका?" "आधी सपाट रस्त्यावर एक फेरी मारा. खड्ड्यातून न्या मुद्दाम. मग परत या, पुन्हा बघू." त्या गेल्या, परत आल्या, हिने सांध्यावर बोटं ठेवली, मान हलवली. मग त्या खरंच गेल्या.

रविवार कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. काचवाला सुट्टीचा गप्पा मारायला आला. मी त्याला म्हणालो, "भिंत मोकळी होणार नाही." तो म्हणाला, "हात आला?" मी म्हणालो, "नाही आला." त्याला काही कळलं नाही, मलाही मी असं का म्हणालो ते तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. डॉक्टरणीच्या डब्यात जी किल्ली मला सापडली नाही, ती कदाचित सापडेल, कदाचित नाही. पण मी त्या प्रश्नाच्या खळग्यात जाऊन बसायला निघालो की वाटेत ही भेटायची, हात धुऊन उभी, आणि विचारायची, उतार कुठल्या बाजूला? दुपारभर तिने खिडकीचे पडदे धुतले, नंतर तेच परत धुतले. उन्हं उतरली. ती म्हणाली, "फोन आला असता काही झालं असतं तर." मी म्हणालो, "हो." थोड्या वेळाने मी म्हणालो, "आला नाही म्हणजे बरं आहे." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच बाई दारात होत्या. सायकलला कालचा वाळलेला चिखल, नाक उन्हाने लाल. "काका, उतार संपल्यावर सरळ रस्ता आहे ना, तिथे मी हात सोडले. दोन्ही. सायकल आपली आपण चालत होती. काकू कुठे आहेत?" काकू आल्या. बाईंनी सायकल पुढे केली. "पहिल्या मोठ्या फेरीनंतर परत दाखवायची, असं काका म्हणाले होते." तसं मी म्हणालो होतो. नवी बेअरिंगं पहिल्या लांब फेरीत थोडी खोल बसतात आणि सांध्यात केसाएवढी जागा होते. ती दोष नसते, ते त्यांचं रुळणं असतं. पण हे हिला सांगायचं राहून गेलं होतं. तिने सांध्यावर बोटं ठेवली आणि तिचा चेहरा बदलला. "आहे," ती हळूच म्हणाली. "अहो, थोडं आहे." "असणारच," मी म्हणालो. "घाबरू नकोस. बसतंय ते." "मग काढायचं कसं?" मी किल्ली घ्यायला हात पुढे केला. ती किल्ली तिने आधीच उचलली होती. जराशी उलटीच धरली होती, पण उचलली होती. "तुम्ही नाही," ती म्हणाली. "तुम्ही ब्रेक धरा. घट्ट. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

जोर माझ्या हातात आहेच. मी धरला.